नाव दिसतं, पण सापडत नाही: हिंगोलीकडच्या एका यादीचा अभ्यास

हिंगोली जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. तिचं नाव देत नाही, कारण जे घडलं त्यात त्या मंडळींचा दोष नव्हता. कंपनीचं काम हळदीचं. सभासद हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणतात, कंपनी काट्यावर मोजून घेते, लॉट करून विकते, आणि हंगाम संपला की विक्रीतून उरलेली फरकाची रक्कम ज्याच्या त्याच्या हळदीच्या प्रमाणात खात्यावर टाकते. सभासदांच्या दृष्टीनं वर्षातली महत्त्वाची रक्कम हीच. शाळेची फी आणि पुढच्या बेण्याचा खर्च यातूनच निघतो.

रक्कम वाटायची म्हणजे दोन याद्या जुळवायच्या. पहिली सभासद नोंदवही: नाव, गाव, शेअर, बँक खातं. ही फार पूर्वी कार्यालयातल्या संगणकावर जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झाली होती आणि मागाहून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलून घेतली होती. दुसरी काट्यावरची नोंद: कुणाची किती हळद, कोणत्या तारखेला. ही तिथल्या तिथे, बहुतेक वेळा मोबाइलवर टाइप होत गेली. काट्यावर गर्दी असते, पोती उतरायची घाई असते, तिथे नाव आणि गाव एवढंच लिहिलं जाई. सभासद क्रमांक कुणी विचारत नसे. हंगामाच्या शेवटी एक छोटा प्रोग्राम नाव आणि गाव पाहून दोन्ही याद्या जुळवायचा आणि ज्यांचा मेळ बसणार नाही ते ‘न जुळलेली नावं’ या वेगळ्या पानावर टाकायचा.

त्या वर्षी हे पान भरून वाहिलं. कऱ्हाळे, कुऱ्हाडे, गोऱ्हे ही आडनावं जवळजवळ सगळी त्यात. लक्ष्मण नावाचेही काही जण त्यात. आणि एक गाव तर जवळपास सगळंच्या सगळं, मग आडनाव शिंदे असो नाही तर जाधव. गावात बोलणं सुरू झालं की आपल्या गावाला मुद्दाम वगळलं. त्यात आणखी एका घरातल्या दोन भावांपैकी एकाला रक्कम मिळाली आणि दुसऱ्याला नाही. दोघांचं आडनाव एक, गाव एक, हळद एकाच काट्यावर मोजलेली. मग काय, कुठंतरी पाणी मुरतंय, अशी सगळ्यांची खात्रीच पटली.

कार्यालयात आलेल्या एका वयस्कर सभासदाला ऑपरेटर ताईंनी पडद्यावरच दाखवलं, “मामा, संगणक म्हणतो तुमचं नाव यादीत नाही.” त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, “अगं बाई, नाव तर दिसायलंय की इथं! कऱ्हाळेच लिहिलंय ना हे? मग नाही कसं म्हणायलीस?”

त्यांचा प्रश्न बिनचूक होता. पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचंच होतं. मराठी टाइपिंग आणि फॉन्ट हे माझं रोजचं काम असल्यानं कंपनीनं मला बोलावलं.

संशय कुणावर गेला

मी पोचलो तेव्हा संचालक मंडळानं एक निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता: दोष ‘ल’ आणि ‘श’चा. दोन्ही याद्यांच्या छापील प्रती टेबलावर शेजारी शेजारी होत्या. एकीतला ‘श’ शेंडीचा, आपल्या पुस्तकांत असतो तसा. दुसरीतला गाठीचा, हिंदीच्या वळणाचा. ‘ल’चंही तेच. एकीत पाकळीचा, दुसरीत उभ्या दांड्याचा. “हा आपला ल नाहीच,” सचिव म्हणाले, “दुसरंच अक्षर आहे हे. मग जुळणार कसं?” ऑपरेटर ताई तर कीबोर्डवर ‘मराठी ल’ची वेगळी कळ शोधत बसल्या होत्या.

डोळ्यांवर विसंबलं तर हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. दोन ‘श’ शेजारी ठेवले तर ते भावंडंसुद्धा वाटत नाहीत. पण यादीतच एक उलटा पुरावा होता. त्या एका गावाबाहेरचे शिंदे, शेळके, शेख सगळे बिनबोभाट जुळले होते. दोन्हीकडचा ‘श’ दिसायला इतका वेगळा असूनही प्रोग्रामला काही फरक पडला नव्हता. उलट कऱ्हाळे हे नाव दोन्ही याद्यांत अगदी एकसारखं दिसत होतं आणि तेच जुळत नव्हतं.

कारण असं. युनिकोडमध्ये ‘श’ला एकच क्रमांक आहे, २३५८. ‘ल’ला एकच, २३५४. फाइलमध्ये साठतो तो क्रमांक. त्या क्रमांकावरून पडद्यावर किंवा कागदावर कोणता आकार काढायचा, हे फॉन्ट ठरवतो. शेंडी हवी की गाठ, पाकळी हवी की दांडा, हा प्रश्न अक्षराचा नाही, आकाराचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी शेंडीचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ठरवून दिले आहेत. तो निर्णय वळणाबद्दलचा आहे, त्यानं कोणतंही नवीन अक्षर जन्माला आलेलं नाही. चांगल्या ओपनटाइप फॉन्टांत दोन्ही वळणं एकत्र असतात, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तर फॉन्ट आपलं वळण काढतो. वेगळी कळ नाही, कारण वेगळं अक्षरच नाही. आकड्यांतल्या ५, ८ आणि ९ची हिंदी-मराठी वळणं अशीच.

सचिवांना हे पटायला वेळ लागला, आणि ते स्वाभाविक आहे. आपण लहानपणी अक्षर गिरवून शिकतो. हातात बसतो तो आकार, त्यामुळे आकार म्हणजेच अक्षर, असं मनात पक्कं होतं.

एक नाव उघडून पाहिलं

दोन्ही याद्यांतलं एकेक ‘कऱ्हाळे’ उचलून रिकाम्या तक्त्यात शेजारी ठेवलं. ‘लेन’ हे लांबी मोजायचं सूत्र लावलं. एकाची लांबी ८ आली, दुसऱ्याची ७. कार्यालयातले सगळे पडद्याभोवती गोळा झाले. पहिलीतलं पोरही सांगेल की कऱ्हाळे तीन अक्षरांचं नाव आहे: क, ऱ्हा, ळे. मग सात आणि आठ आले कुठून, आणि एकाच नावाचे दोन आकडे कसे?

सात कुठून आले हे सोपं आहे. संगणक जोडाक्षर आणि काना-मात्रा सुटे साठवतो. पण सात आणि आठ यांतला फरक पाहायला नावातला एकेक घटक वेगळा करून ‘युनिकोड’ या सूत्रानं त्याचा क्रमांक काढावा लागला. मिळालं ते असं:

सभासद नोंदवही: २३२५ २३५२ २३८१ ८२०५ २३६१ २३६६ २३५५ २३७५

काट्यावरची नोंद: २३२५ २३५३ २३८१ २३६१ २३६६ २३५५ २३७५

२३२५ म्हणजे क. २३८१ म्हणजे हलन्त, पाय मोडायची खूण. २३६१ ह, २३६६ काना, २३५५ ळ, २३७५ मात्रा. हे सगळं दोन्हीकडे सारखंच. भांडण आहे ते मधल्या ‘र’पाशी. नोंदवहीत आपला नेहमीचा र, म्हणजे २३५२, त्यापुढे हलन्त, आणि त्यापुढे ८२०५. हा ८२०५ पडद्यावर दिसतच नाही. त्याला रुंदी नाही, रेघ नाही. पुढच्या अक्षराशी जोड कशी करायची एवढी सूचना तो देतो, म्हणून त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. काट्यावरच्या नोंदीत जोडक नाहीच. तिथला ‘र’च वेगळा आहे: २३५३, म्हणजे खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ.

दोन्ही रांगा फॉन्टकडे दिल्या की तो एकच चित्र काढतो: ऱ्ह. मामांना दिसलं ते हे चित्र. प्रोग्रामनं पाहिल्या त्या रांगा. चष्म्याचा इथे काही दोष नव्हता.

पुढे नोंदवही खालपर्यंत चाळताना तिसरी रांग सापडली: २३२५ २३५२ २३८१ २३६१ २३६६ २३५५ २३७५. लांबी हिचीही सातच, पण नाव दिसतं ते ‘कर्हाळे’, ‘ह’च्या डोक्यावर रफार घेऊन. म्हणजे लांबी सारखी आली म्हणून नाव सारखं, असंही धरून चालत नाही.

त्या दोन भावांचं कोडं इथे सुटलं. एकाचं नाव नोंदवहीत रफाराचं होतं, आणि काट्यावरच्या माणसानं त्या दिवशी घाईत मोबाइलवर तेच रफाराचं टाइप केलं होतं. दोन्हीकडे सारखंच चुकलेलं, म्हणून जुळलं. दुसऱ्या भावाचं काट्यावर बरोबर लिहिलं गेलं, म्हणून अडलं. आणि ते गाव? गावाच्या नावातच ‘ऱ्ह’ होता. नाव कितीही सरळ असलं, तरी गावाचा रकाना जुळत नसल्यानं शिंदे-जाधवही बाहेर फेकले गेले. कुणी कुणाला वगळलं नव्हतं. हे मी त्या गावात जाऊन, लोकांपुढे पडदा लावून दाखवावं, असं मीच सुचवलं. शंका गावात पसरली होती, तेव्हा उत्तरही गावातच द्यायला हवं होतं.

‘र’ किती रूपं घेतो

मराठीत ‘र’इतकी रूपं दुसरं कोणतंच अक्षर घेत नसेल. हिंगोली तालुक्यातलीच गावं घ्या. संत नामदेवांच्या नर्सीत तो ‘स’च्या डोक्यावर जाऊन बसतो. डिग्रस कऱ्हाळे या गावाच्या नावात तो दोनदा येतो, आणि दोनदा वेगळा: ‘ग्र’मध्ये ‘ग’च्या पायाशी तिरकी रेघ होऊन, आणि ‘ऱ्हा’मध्ये ‘ह’च्या आधी आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा वळून. महाराष्ट्र लिहिताना ‘ट’खाली तो छोटी टोपी होतो. आणि एरवी, रानात, रस्त्यात, साधा उभा र.

यांतल्या नर्सी, डिग्रस, महाराष्ट्र आणि रान या चारही ठिकाणी साठवलेला क्रमांक एकच, २३५२. आकार बदलतो तो शेजाऱ्यावरून. आधी र आणि मग हलन्त आला की डोक्यावर, आधी हलन्त आणि मग र आला की पायाशी. ही रचना ठरलेली आहे, त्यामुळे प्रत्येक आकाराला वेगळा क्रमांक द्यायची गरज नाही.

मग पापणीच्या ‘र’ला वेगळं का वागवायचं? कारण तिथे शेजाऱ्यावरून आकार ठरत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दोन्हीकडे र, हलन्त आणि य हेच शेजारी, पण शब्द दोन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला एक मान गुरूंना जातो, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांना. वाचणारा दोन्ही वेगळे वाचतो, उच्चारही वेगळा करतो. फॉन्टला हा फरक स्वतःहून कळणं शक्यच नाही. तो साठवणीतच असायला हवा.

दोन आकार एकच अक्षर आहेत की दोन, हे ओळखायची माझी कसोटी हीच. एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहा. वाचणाऱ्याला तोच शब्द मिळाला तर तो आकाराचा प्रश्न, फॉन्टकडे सोपवा. वेगळा शब्द मिळाला तर तो अक्षराचा प्रश्न, तो लिहिणाऱ्यानं साठवणीत नोंदवलाच पाहिजे. ‘शिंदे’ कोणत्याही ‘श’नं लिहा, शिंदेच. ‘दऱ्या’ रफारानं लिहा, समुद्र झाला.

कार्यालयात हे बोलणं चाललं असताना एका संचालकांचे वडील कोपऱ्यात बसून ऐकत होते. नव्वदी ओलांडलेले. त्यांची सुरुवातीची शाळा निजामाच्या राजवटीत, उर्दूत झालेली. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, त्याआधीची. ते म्हणाले, “यात नवीन ते काय? उर्दूत ‘बे’ शब्दाच्या आरंभी निराळा, मधी निराळा, शेवटी निराळा. सुटा लिहिला की चौथाच. पण मास्तरांनी आम्हाला बे एकच शिकवला.” त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. युनिकोडमध्ये ‘बे’ला क्रमांक १५७६, आणि चारही रूपं फॉन्टनं काढायची. देवनागरी गिरवत मोठे झालेल्या आम्हा सगळ्यांना जे समजवावं लागत होतं, ते त्यांना शाळेपासून ठाऊक होतं, कारण त्यांनी अक्षर शिकताना आकारांवर अवलंबून राहायचं नाही हेच आधी शिकलं होतं. मराठवाड्याच्या जुन्या पिढीकडे असलेलं हे शहाणपण आपण फार कमी वापरतो.

तीन रांगा आल्या कुठून

इथे थोडा इतिहास लागतो. युनिकोड येण्याआधी आणि नंतरही बराच काळ आपल्याकडे जे मराठी फॉन्ट चालले, त्यांत अक्षरं साठत नव्हती, आकार साठत होते. कृतिदेव हा त्यांतला सगळ्यांना माहीत असलेला. त्यात ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये जातात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. त्या जागांवर फॉन्टनं म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. ‘हिंगोली’ लिहिताना तिथे आधी ऱ्हस्व वेलांटी टाइप करायची आणि मग ह, कारण डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी ह आणि मग वेलांटी, कारण बोलताना ‘ह’ आधी येतो. एक पद्धत टंकलेखन यंत्रावरून आली, दुसरी उच्चारावरून.

भारतीय लिप्या उच्चाराच्या क्रमानं साठवायची पद्धत आपल्याच देशात बसवली गेली. भारतीय मानक ब्यूरोनं ती इस्की या नावानं १९९१ला मानक म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली. पापणीचा र लिहायला ऱ आणि हलन्त, ही रीत इस्कीतलीच. युनिकोडही तीच पसंत करतं. पण १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत र, हलन्त आणि जोडक अशी रीत होती. त्या काळातला मजकूर मोडू नये म्हणून तीही आजवर चालू ठेवली आहे. म्हणून ‘कऱ्हाळे’ आणि ‘कर्‍हाळे’ या दोन्ही रांगा वैध आहेत. यांतली कोणतीही चूक नाही.

जुन्या फॉन्टमध्ये पापणीच्या ‘र’ला एक सुटी जागा होती. नोंदवही बदलून देणाऱ्या परिवर्तकानं त्या जागेसाठी जोडकाची रीत वापरली. त्याच परिवर्तकानं ‘क्ष’चे तुकडे जोडतानाही जोडक घातला, त्यामुळे ‘लक्ष्मण’च्या जागी ‘लक्‍ष्मण’ साठलं. काट्यावरच्या मोबाइलमधल्या कीबोर्डनं मात्र ऱ घातला. संगणकावर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरणारेही शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबतात तेव्हा ऱच उमटतो.

तिसरी, रफाराची रांग कशी तयार झाली हे शोधायला ताईंशी नीट बोलावं लागलं. आदल्या हंगामात सगळे लक्ष्मण अडले होते. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेला उपाय केला: नावांतली सगळी न दिसणारी अक्षरं काढून टाकायची. लक्ष्मण लगेच जुळले, म्हणून नोंदवहीच्या काही पानांवर त्यांनी तो उपाय चालवून ठेवला. ‘क्ष’मधून जोडक गेला तर शब्द तोच राहतो, जोडाक्षराचं वळण फार तर थोडं बदलतं. पण ‘कर्‍हाळे’तून तोच जोडक गेला की उरतं र, हलन्त, ह, आणि त्याचा होतो रफार. एकाच अदृश्य खुणेला एका नावात काही वजन नाही आणि दुसऱ्या नावात तिच्यावर अख्खं आडनाव तोललेलं आहे. ताईंना याचा दोष देणं अन्यायाचं होईल. असे सफाईचे उपाय जगभर सांगितले जातात आणि ते सांगणाऱ्यांनी मराठीचा र पाहिलेला नसतो.

दुरुस्ती

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व होतं. आधी र, हलन्त, जोडक ही रांग जिथे सापडेल तिथे तिच्या जागी ऱ, हलन्त घातलं. हे डोळे मिटून करता येतं, कारण त्या रांगेचा अर्थ दुसरा काही होतच नाही. मग युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं. ऱ कधी एकसंध २३५३ असा साठतो, कधी र आणि नुक्ता असा सुटा, २३५२ आणि २३६४. या दोन्ही रूपांना युनिकोड एकच मानतं, त्यामुळे प्रमाणीकरण ती एक करतं. जोडकाची रीत मात्र या एकरूपतेत येत नाही, म्हणून पहिली पायरी हातानंच लिहावी लागते. नुसतं प्रमाणीकरण चालवून निश्चिंत झालेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्यांचे कऱ्हाळे अजून अडकलेले असतात. त्यानंतर उरलेले जोडक तपासून ‘लक्‍ष्मण’सारख्या नावांतून काढले.

रफाराच्या नावांना मात्र यंत्राचा हात लावू दिला नाही. ‘र्ह’ दिसलं की ‘ऱ्ह’ करा, असा नियम मोहात पाडतो, पण मराठीत ‘अर्हता’ आहे, ‘गर्हणीय’ आहे. तिथला रफार खरा आहे. ‘र्य’चं तर विचारूच नका. सूर्यवंशी, आर्य, धैर्यशील यांची वाट लागली असती. म्हणून ती नावं वेगळी काढून शेअर अर्जांच्या मूळ कागदांशी ताडून पाहिली. हे काम संचालक, ताई आणि गावातली दोन कॉलेजची मुलं यांनी बसून केलं. कुणाही सभासदाला नाव सिद्ध करायला तलाठ्याकडे किंवा आधार केंद्रावर पाठवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. गोंधळ यादीच्या साठवणीत झाला होता. त्यासाठी मामांसारख्या माणसाचा दिवस मोडायचा आणि एसटीचं भाडं त्याच्या माथी मारायचं, हे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. हिंगोलीतच नव्हे, सगळीकडेच अशा वेळी लोकांना हातात कागद देऊन पुढच्या खिडकीकडे पाठवलं जातं.

उरलेलं एक प्रकरण ‘ॲ’चं निघालं. काही बचत गट ‘ॲग्रो’ या नावानं नोंदलेले. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला २००८मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, २३०९ आणि २३७३. ‘ॲग्रो’ आणि ‘अॅग्रो’ दिसायला एक, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही, म्हणून प्रमाणीकरणही त्यांना जोडत नाही. त्यासाठी आणखी एक नियम घातला. अ आणि काना मिळून ‘आ’ दिसतो, तोही याच जातीचा. जुन्या परिवर्तकांतून आलेल्या मजकुरात तो सापडतो.

काट्यावरच्या पावतीवर सभासद क्रमांकाचा रकाना आला, तो यायलाच हवा होता. पण क्रमांक आला म्हणून नावांची साफसफाई सोडून द्या, असं एका संचालकांचं म्हणणं पडलं, ते मी मानलं नाही. माणूस कार्यालयात येतो तेव्हा नाव सांगतो. शोधायचं नावानंच असतं.

खरी चर्चा रंगली ती सगळ्यात शेवटी. एक सभासद म्हणाले, “माझ्या पासबुकावर रफाराचं आहे, आधारवर रफाराचं आहे. तुम्ही इथं ऱ्ह केलं तर बँक उद्या मलाच विचारील.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. मूळ आडनाव काय, हे आम्ही सगळे जाणत होतो, तेही जाणत होते. पण कागदावर ते कसं असावं हा हक्क त्यांचा. म्हणून नोंदवहीत दोन रकाने केले. पहिल्यात नाव, सभासद स्वतः लिहितो तसं. पावती, शेअर दाखला आणि बँकेची यादी या रकान्यातून छापायची. दुसरा रकाना फक्त जुळणीचा. त्यात ऱ आणि र एकच धरले, जोडक काढले, ‘ॲ’चं एकच रूप ठेवलं. हा रकाना कुठे छापायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. तिथे दर्या आणि दऱ्या एक होतात हे ठाऊक आहे. चालतं, कारण तिथे कुणी वाचत नाही, फक्त शोधतं. जुळणीच्या रकान्यात दोन वेगळी माणसं एकत्र आलीच, तर प्रोग्राम स्वतः निर्णय घेत नाही. दोन्ही नोंदी ताईंपुढे ठेवतो आणि त्या सभासद क्रमांक पाहून ठरवतात.

त्या सभासदाचं नाव पहिल्या रकान्यात रफाराचंच राहिलं. त्यांच्या भावकीतल्या इतरांनी पापणीचं ठेवलं. फरकाची रक्कम एकाच दिवशी सगळ्यांच्या खात्यावर गेली.